व्हीआरमधे मराठी पॅनल बनवायचंय? टूल निवडायच्या आधी 'विद्युत' लिहून बघा

वायरमनचं ट्रेनिंग घेणाऱ्या मुलांसाठी एक व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) ॲप करत होतो. हेडसेट घातला की समोर डीबी म्हणजे विजेची वाटणी करणारी पेटी, त्यात एमसीबी म्हणजे आपोआप पडणारे स्विच, आणि बाजूला एक पॅनल ज्यावर एकेक सूचना येत जाते. सूचना मराठीत हव्यात हे पहिल्याच दिवशी ठरलेलं. पण मी काय केलं, आधी इंग्लिश टेक्स्ट टाकून सगळं बांधून घेतलं, बटणं चालली, आवाज चालले, आणि अगदी शेवटी मराठी वाक्यं टाकली. 'विद्युत पुरवठा बंद करा' असं लिहिलं होतं. पडद्यावर पहिली वेलांटी व च्या उजवीकडे जाऊन बसली होती आणि द्यु फुटून पाय मोडलेला द आणि मग वेगळा यु असं झालं होतं. एका मुलाने हेडसेट काढून विचारलं, "सर, हे कुठल्या भाषेत आहे?" महिनाभराचं काम दुसऱ्या गेम इंजिनात, म्हणजे असं ॲप ज्यात बांधतात त्या सॉफ्टवेअरमधे, हलवायला लागलं.

म्हणून हा लेख मी उलट्या बाजूने लिहितोय. व्हीआरच्या यूआयसाठी, म्हणजे पॅनल-बटणांसाठी, टूल कुठलं, असं कुणी विचारलं की लोक ग्राफिक्स, किंमत, ट्यूटोरियल्स यावर बोलतात, पण पॅनल मराठीत असणार असेल तर पहिला प्रश्न एकच आहे, की हे टूल देवनागरी नीट जुळवतं का. बाकी सगळं नंतर.

आधी टेस्ट, मग टूल

देवनागरीत अक्षरं जशी साठवली जातात तशी ती दिसत नाहीत. 'वि' मधे आधी व साठवला जातो आणि मग वेलांटी, पण काढताना वेलांटी आधी काढायची असते. जोडाक्षरं, रफार, उकार, सगळ्याचे नियम फॉन्टच्या आत लिहिलेले असतात आणि ते नियम वाचून अक्षरं जागेवर बसवणारं एक इंजिन लागतं, या कामाला शेपिंग म्हणतात. हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी हे काम करते, क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड सगळीकडे तीच आहे, म्हणून फोनवर आपल्याला हा प्रश्न कधी पडतच नाही. गेम इंजिनात मात्र ती असेलच असं नाही.

टेस्टसाठी मी हे एक वाक्य ठेवलंय, कॉपी करून घ्या: 'दुसऱ्या खोलीतील विद्युत जोडणी तपासा, कृपया मार्गदर्शकाच्या सूचनेशिवाय स्विच चालू करू नका, क्षेत्र क्र. ५'. यात ऱ्हस्व वेलांटी आहे, ऱ्या मधला अर्धचंद्रासारखा र आहे जो हिंदी टेस्टमधे कधीच सापडत नाही, रफार आहे, कृ आहे, क्ष आहे, त्र आहे. हे वाक्य नीट दिसलं तर बाकीचं बहुतेक दिसतं.

आता टूल्स. युनिटी हे व्हीआरसाठी सगळ्यात जास्त वापरलं जातं आणि शिकायचं साहित्य ढीगभर आहे, पण त्यात पॅनलवर टेक्स्ट टाकायला सगळे वापरतात ते टेक्स्टमेश प्रो देवनागरीचं पूर्ण शेपिंग करत नाही. युनिटी ६ पासून यूआय टूलकिटमधे ॲडव्हान्स्ड टेक्स्ट जनरेटर नावाचा पर्याय आलाय जो आतून हार्फबझ वापरतो, तेव्हा युनिटीच घ्यायचं असेल तर त्या रस्त्याने जा, जुन्या कॅनव्हासच्या रस्त्याने नको. अनरियलमधे शेपिंग आहे, विजेट कंपोनंट थ्रीडी जगात ठेवता येतो, पण साध्या सूचनांच्या पॅनलसाठी ते फार जड पडतं, चांगलं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एडिटरच उघडायला वाट बघत बसायचं. ए-फ्रेम हे ब्राउझरमधलं, २०१५ मधे मोझिलाच्या लोकांनी सुरू केलेलं, लिंक पाठवली की हेडसेटच्या ब्राउझरमधे उघडतं ही त्याची मोठी सोय. पण त्याचा टेक्स्ट कंपोनंट अक्षरांचं तयार चित्र वापरतो, शेपिंग नाही. तिथे एक युक्ती चालते: एचटीएमएलच्या कॅनव्हासवर मराठी वाक्य लिहायचं, ते ब्राउझर स्वतः नीट जुळवतो, आणि तो कॅनव्हास एका पट्टीवर टेक्स्चर म्हणून लावायचा. दोन-चार पाट्यांसाठी उत्तम, पण बटणं, स्क्रोल वगैरे आलं की सगळं हाताने करावं लागतं.

आणि मग गोडो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, झिप उघडली की चालू होतं, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि २०२३ च्या मार्चमधे आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात हार्फबझ आतच बसवलेलं आहे. लेबल टाका, मराठी लिहा, बरोबर दिसतं. पुढचं सगळं गोडो धरूनच सांगतो, आवृत्ती ४.३ किंवा त्यापुढची घ्या.

प्रोजेक्ट उभा करणं

नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (चित्र रंगवणारा भाग) कंपॅटिबिलिटी निवडा, मेटाच्या क्वेस्टसारख्या स्वतःच चालणाऱ्या हेडसेटवर तो हलका पडतो. मग प्रोजेक्ट सेटिंग्जमधे एक्सआर (व्हीआर, एआर सगळं मिळून) विभागात ओपनएक्सआर चालू करा आणि त्याच विभागात शेडर्सही चालू करा, हे दुसरं लोक विसरतात. एडिटर रीस्टार्ट. ओपनएक्सआर म्हणजे क्रोनोस ग्रुपने २०१९ मधे आणलेलं स्टँडर्ड, त्यामुळे क्वेस्ट, स्टीमव्हीआर, पिको यांच्यासाठी कोड वेगवेगळा लिहायला लागत नाही.

ॲसेट लायब्ररीतून दोन गोष्टी उतरवा, गोडो एक्सआर टूल्स आणि गोडो ओपनएक्सआर व्हेंडर्स. पहिल्यात आपल्याला लागणारं पॅनल आणि पॉइंटर तयार मिळतात, दुसरं क्वेस्टसाठी एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) बनवताना लागतं. एक्सआर टूल्सचा प्लगइन प्रोजेक्ट सेटिंग्जमधे जाऊन चालू करायला विसरू नका.

सीन, म्हणजे नोड नावाच्या तुकड्यांची जुळणी, छोटा आहे. वर एक नोड थ्रीडी, त्यात एक्सआर ओरिजिन, ओरिजिनच्या पोटात एक्सआर कॅमेरा आणि दोन एक्सआर कंट्रोलर, एकाचा ट्रॅकर डावा हात, दुसऱ्याचा उजवा. एक्सआर टूल्समधला स्टार्ट एक्सआर नावाचा सीन ओढून मुळाशी टाका, हेडसेटशी जोडणी तोच करतो. दोन्ही कंट्रोलरच्या पोटात फंक्शन पॉइंटर टाका, हातातून निघणारा किरण तोच दाखवतो, आणि त्या कंट्रोलरची पोझ एम (aim) ठेवा, ग्रिप ठेवली तर किरण मनगट पिरगळल्यासारखा भलतीकडेच जातो.

पॅनल: आधी मिलिमीटर, मग पिक्सेल

व्हीआरमधे सगळ्यात जास्त गोंधळ मापाचा होतो. मोबाइलवर १६ पिक्सेलचा फॉन्ट म्हटलं की अंदाज असतो, इथे तोच पॅनल लांब नेला की बारीक आणि जवळ आणला की अवाढव्य. गुगलच्या डेड्रीम या व्हीआर प्लॅटफॉर्मच्या टीमने २०१७ मधे यावर एक सोपी पट्टी दिली. एक मीटर लांबून दिसणारा एक मिलिमीटर हे एक माप धरायचं. पॅनल दोन मीटरवर नेला तर सगळं दुप्पट करायचं, अर्ध्या मीटरवर आणला तर निम्मं. त्यांचे आकडे असे, की अक्षर किमान २० आणि आरामात वाचायचं तर २४, बटण किमान ६४ आणि त्याभोवती १६ ची मोकळी जागा. डेड्रीम बंद झालं पण हे माप अजून तितकंच कामाचं आहे.

देवनागरीसाठी मात्र २४ मला कमी वाटतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर मात्रा आणि रफार, खाली उकार, आणि या सगळ्याला त्याच उंचीत जागा द्यायची म्हणजे अक्षराच्या मधल्या अंगाला उरतं थोडंच. हिशोब बघा. एक मीटरवर एक अंश म्हणजे साधारण साडेसतरा मिलिमीटर. क्वेस्ट ३ मधे एका अंशाला सुमारे २५ पिक्सेल मिळतात, क्वेस्ट २ मधे २० च्या आसपास. म्हणजे २४ मिलिमीटरच्या ओळीला क्वेस्ट २ वर जेमतेम २७ पिक्सेल, आणि त्यातच मात्रा, अक्षर, उकार सगळं. मी सूचनेचा फॉन्ट ३२ ठेवतो, मथळा ४४. वाक्यं त्यामुळे छोटी लिहावी लागतात आणि ते बरंच होतं.

आता प्रत्यक्ष करायचं. एक वेगळा सीन घ्या, मुळाशी कंट्रोल, त्यात पॅनल कंटेनर, त्यात मार्जिन कंटेनर, त्यात व्ही बॉक्स. व्ही बॉक्समधे वर लेबल आणि खाली एच बॉक्स, एच बॉक्समधे तीन बटणं: 'मागे', 'पुन्हा ऐका', 'पुढे'. कंट्रोलचा आकार १६०० गुणिले १००० पिक्सेल.

मग मुख्य सीनमधे एक्सआर टूल्समधला व्ह्यूपोर्ट टूडी इन थ्रीडी टाका. त्याच्या सीन या खान्यात आपला पॅनलचा सीन द्या, स्क्रीन साइझ ०.८ गुणिले ०.५ मीटर, व्ह्यूपोर्ट साइझ १६०० गुणिले १०००. म्हणजे दोन पिक्सेलला एक मिलिमीटर. इथून पुढे डोकं शांत राहतं: ३२ मिलिमीटरचा फॉन्ट म्हणजे ६४ पिक्सेल, मथळा ८८, बटणाची उंची मी ८० मिलिमीटर ठेवतो म्हणजे १६० पिक्सेल, बटणांमधलं अंतर ३२ पिक्सेल. ०.८ मीटर रुंद पॅनल एक मीटरवर साधारण ४४ अंश व्यापतो, मान डावीकडे-उजवीकडे ३० अंश आरामात वळते, तेव्हा मानेला त्रास न होता सगळं वाचता येतं.

त्याच नोडवर अनशेडेड चालू करा. नाहीतर सीनमधल्या दिव्याची सावली पॅनलवर पडते आणि खोलीत अंधार केला की सूचनाही अंधारात.

फॉन्ट

गोडोच्या डिफॉल्ट फॉन्टवर विसंबू नका, लॅपटॉपवर सिस्टिमचा फॉन्ट उसना घेऊन मराठी दिसतं आणि हेडसेटवर काय मिळेल त्याची खात्री नाही. फॉन्टची फाइल प्रोजेक्टमधेच टाका. मुंबईच्या एक टाइप या मंडळींचा मुक्त छान आहे, बलू जाडसर आणि मुलांना आवडणारा, नोटो सान्स देवनागरी सगळ्यात साधा आणि भरवशाचा. तिन्ही मोफत परवान्यात आहेत. थीम बनवा, डिफॉल्ट फॉन्ट तिथे द्या, थीम मुळाच्या कंट्रोलला लावा.

वजन मीडियम किंवा सेमीबोल्ड घ्या. रेग्युलर वजनात शिरोरेषा इतकी बारीक होते की डोकं जरा हललं की ती झिलमिलते, आणि डोकं तर सतत थोडं हलतच असतं. फॉन्ट इम्पोर्ट करताना मल्टीचॅनल साइन्ड डिस्टन्स फील्ड असा एक पर्याय दिसेल, नाव भारदस्त आहे पण इथे तो बंदच ठेवा. एकमेकांवर चढणाऱ्या रेषांच्या फॉन्टमधे तो डाग पाडतो आणि देवनागरीत शिरोरेषा आणि काना एकमेकांवर चढलेल्याच असतात.

अजून एक बारीक गोष्ट जी मला फार आवडते. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे असतात, आपला ल पाकळीसारखा, आपला श देठाचा. बऱ्याच फॉन्टमधे दोन्ही रूपं असतात पण भाषा सांगितल्याशिवाय हिंदीचंच रूप येतं. गोडोच्या लेबलमधे लँग्वेज असा खाना आहे, तिथे मराठीचा दोन अक्षरी कोड, mr, लिहा. फॉन्टमधे मराठी रूप असेल तर ल आणि श लगेच बदलतात. बालभारती वाचून मोठ्या झालेल्या माणसाला हा फरक नाव न सांगता कळतो, पाटी आपली वाटते.

रंगाचं थोडक्यात: पांढरंशुभ्र अक्षर काळ्याकुट्ट पाटीवर नको, क्वेस्ट २ च्या लेन्समधे त्याभोवती प्रकाशाच्या रेघा उठतात. गडद निळसर राखाडी पाटी, दुधाळ अक्षर.

बटण दाबल्यावर काय होतं ते

किरणाने बटण दाबताना एक गंमत घडते, ट्रिगर ओढला की हात किंचित हलतो आणि एक मीटरवर किरणाचं टोक बटणाबाहेर घसरतं. या प्रकाराला अभ्यासक हायझेनबर्ग इफेक्ट म्हणतात. गोडोच्या बटणाचा ॲक्शन मोड डिफॉल्टने बटण सोडल्यावर असा असतो, म्हणजे दाबलं आत आणि सोडलं बाहेर तर क्लिक रद्द, आणि माणूस म्हणतो बटण चालत नाही. 'पुढे', 'मागे' अशा बटणांना ॲक्शन मोड दाबल्याबरोबर असा करा. फक्त 'बाहेर पडा' किंवा 'सगळं पुसा' असं काही असेल तर ते सोडल्यावरच ठेवा, तिथे हात घसरून वाचणं हेच चांगलं.

हॉवरचा रंग ठळक द्या. माउस हातात असल्यावर बोटाखाली टेकलेलं काहीतरी असतं, इथे हवेत हात आहे, किरण बटणावर आलाय का हे फक्त डोळ्यांनीच कळतं. थीममधे बटणाचा हॉवर स्टाइलबॉक्स पूर्ण वेगळ्या रंगाचा करा, नुसती कड उजळवून भागत नाही. दाबल्यावर छोटा टिक आवाज आणि कंट्रोलरला हलका झटका, त्यासाठी कंट्रोलरवर ट्रिगर हॅप्टिक पल्स नावाचं फंक्शन आहे, ०.३ जोर आणि ०.०५ सेकंद पुरतं. याहून जास्त दिलं तर दहा मिनिटांत हात मुंग्या आल्यासारखा होतो.

बटणं चालतच नसतील तर पहिले कोलिजन लेयर, म्हणजे किरण कशावर आदळेल ते ठरवणारे थर, बघा. एक्सआर टूल्स २१ नंबरचा लेयर पॉइंटरसाठी राखून ठेवतं, पॅनल त्या लेयरवर नसेल किंवा पॉइंटरच्या मास्कमधे तो नसेल तर किरण आरपार जातो.

किरणाऐवजी बोटाने दाबायचं पॅनल हवं असेल तर ते हाताच्या अंतरावर, ४५ सेंटीमीटरवर आणावं लागतं, आणि मग सगळी मापं ०.४५ ने गुणा, ६४ चं बटण २९ मिलिमीटरचं होतं. ट्रेनिंगला मी ते टाळतो, जवळच्या पॅनलवर डोळे जास्त थकतात.

पॅनल ठेवायचा कुठे

डोक्याला चिकटवू नका. कॅमेऱ्याच्या पोटात पॅनल टाकणं सोपं असतं म्हणून सुरुवातीला सगळे तसंच करतात, आणि मग मान वळवली की पॅनलही वळतो, त्याच्या कडेचं वाचायला गेलं की तो पळतो, पाच मिनिटांत मळमळ.

पॅनल जगात ठेवा पण माणूस कुठे उभा आहे ते बघून ठेवा. स्क्रिप्ट सात-आठ ओळींची आहे: कॅमेऱ्याची ग्लोबल जागा घ्या, तो बघतोय ती दिशा घ्या म्हणजे त्याचा वजा झेड, त्यातला वाय शून्य करा म्हणजे मान खाली असली तरी पॅनल जमिनीत जाणार नाही, नॉर्मलाइझ करा, एक मीटरने गुणा, कॅमेऱ्याच्या जागेत मिळवा, उंची डोळ्यांपेक्षा १५ सेंटीमीटर कमी करा. मग लुक ॲटने पॅनल माणसाकडे वळवा आणि त्या फंक्शनचा शेवटचा पर्याय, यूज मॉडेल फ्रंट, ट्रू ठेवा. तो विसरला तर पॅनल पाठ करून उभा राहतो आणि तुम्ही अर्धा तास पॅनल गायब का झाला ते शोधत बसता.

हे रेडी (सीन सुरू होताच चालणारं फंक्शन) मधे करू नका, तेव्हा हेडसेटची जागा अजून कळलेली नसते, कॅमेरा शून्यावर असतो आणि पॅनल पायाशी येऊन पडतो. स्टार्ट एक्सआर हा सुरू झाल्याचा सिग्नल देतो, तो आल्यावर अर्धा सेकंद थांबा आणि मग ठेवा. ओपनएक्सआर इंटरफेसचा पोझ रीसेंटर्ड नावाचा सिग्नलही जोडून घ्या, म्हणजे माणसाने मेटाचं बटण दाबून धरून स्वतःला मध्यावर आणलं की पॅनलही समोर येतो. एका हेडसेटवर ओळीने मुलं बसवताना याची किंमत कळते, प्रत्येकाची उंची वेगळी, प्रत्येक जण वेगळ्या तोंडाने उभा.

हेडसेटवर नेणं

हेडसेट नसेल तर पॅनलचा सीन तेवढा एकटा चालवून लेआउट बघता येतो, मेटाचा एक्सआर सिम्युलेटर ओपनएक्सआर रनटाइम म्हणून लावता येतो. पण मापांचा निर्णय सिम्युलेटरवर घेऊ नका. एक स्वस्त उपाय सांगतो: ८० गुणिले ५० सेंटीमीटरचा पुठ्ठा कापा, त्यावर ३२ मिलिमीटर उंचीत तेच वाक्य मार्करने लिहा, भिंतीला लावा आणि एक मीटरवर उभं राहा. रुंदी, उंची, बटणांमधलं अंतर सगळं लगेच समजतं. अक्षर किती स्पष्ट दिसेल एवढंच पुठ्ठा सांगत नाही.

क्वेस्टसाठी मेटाचं डेव्हलपर अकाउंट आणि हेडसेटमधे डेव्हलपर मोड लागतो. लॅपटॉपवर ओपनजेडीके १७ आणि अँड्रॉइड एसडीके टाकून एडिटर सेटिंग्जमधे त्यांचे पत्ते द्या. प्रोजेक्टमधे अँड्रॉइड बिल्ड टेम्प्लेट इन्स्टॉल करा, एक्स्पोर्टमधे अँड्रॉइडचा प्रीसेट करा, ग्रॅडल बिल्ड चालू, एक्सआर मोड ओपनएक्सआर, आणि खाली मेटाच्या प्लगइनवर टिक. केबल लावली, हेडसेट घालून यूएसबी डीबगिंगला परवानगी दिली की एडिटरच्या वरच्या कोपऱ्यात रिमोट डिप्लॉयचं बटण जागं होतं. ॲप हेडसेटमधे उघडलं पण समोर सपाट चौकोनी खिडकीच दिसली तर एक्सआर मोड किंवा ती टिक राहिलीय.

वेग बघा. ७२ हर्ट्झवर एका फ्रेमला १३.९ मिलिसेकंद मिळतात आणि पॅनल म्हणजे आणखी एक अख्खा पडदा रंगवायचा. आपल्या पॅनलवर तर सूचना मिनिटभर बदलतही नाही, तेव्हा व्ह्यूपोर्ट नोडचा अपडेट मोड थ्रॉटल्ड करा आणि ३० एफपीएस द्या. डोक्याच्या हालचालीवर त्याचा काही परिणाम होत नाही, फक्त पॅनलच्या आतलं चित्र कमी वेळा रंगतं.

एवढं करूनही अक्षर धूसर वाटलं तर शेवटचं हत्यार कंपोझिशन लेयर. नेहमीच्या पद्धतीत पॅनल आधी डोळ्याच्या चित्रात रंगतो आणि मग ते चित्र लेन्सच्या हिशोबाने पुन्हा वाकवलं जातं, दोनदा फेरफार झाल्यामुळे कडा मऊ पडतात. कंपोझिशन लेयरमधे पॅनलचं चित्र थेट हेडसेटच्या कंपोझिटरकडे, म्हणजे शेवटचं चित्र जुळवणाऱ्या भागाकडे, जातं आणि एकदाच वाकवलं जातं. गोडो ४.३ मधे यासाठी ओपनएक्सआर कंपोझिशन लेयर क्वाड हा नोड आलाय, त्याला सबव्ह्यूपोर्ट (पॅनलचं चित्र ज्यात रंगतं तो नोड) जोडायचा आणि तो एक्सआर ओरिजिनच्या पोटात ठेवायचा. शिरोरेषा एकदम कोरीव दिसते. पण एक्सआर टूल्सचा पॉइंटर याच्यावर आपोआप चालत नाही, इंटरसेक्ट्स रे नावाच्या फंक्शनने किरण कुठे लागला ते विचारून माउसचे इव्हेंट स्वतः आत पाठवावे लागतात, आणि पॅनलच्या पुढे एखादी वस्तू आली, समजा हातातला टेस्टर, तर ती दिसायला एनेबल होल पंच चालू करावं लागतं. म्हणून आधी साधा पॅनल पूर्ण चालवून घ्या, हे नंतर.

आता ते टेस्टचं वाक्य पॅनलवर टाका, हेडसेट अशा कुणाच्यातरी डोक्यावर द्या ज्याने ते आधी वाचलेलं नाही, आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगा. 'दुसऱ्या' ला अडखळला तर फॉन्ट किंवा शेपिंग बघा, डोळे बारीक केले तर माप वाढवा, मान पुढे काढली तर पॅनल लांब पडलाय. मी हे प्रत्येक बिल्डला तीन जणांवर करतो, त्यातला एक चष्मेवाला असतोच.